केळीचा हिवाळा

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत यंदा केळीची पत्रं जास्त आहेत, आणि तीही खाण्याच्या नव्हे, शोभेच्या केळीची. मी अर्धापूरकडच्या केळीवाल्या घरातली, नांदेडला रोपवाटिका चालवते, त्यामुळे ही पत्रं वाचताना हातातलं काम बाजूला पडलं. सगळ्यांची काळजी एकच आहे: थंडी पडली, पानं गेली, आता ही केळ राहते की जाते? म्हणून या अंकात फक्त केळीचीच उत्तरं देते. गुलाबवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

प्रश्न : माझी लेक इंग्लंडात लीड्सला असते. मे महिन्यात तिने तिथल्या नर्सरीतून ‘जपानी केळ’ म्हणून एक रोप आणून घरामागच्या अंगणात लावलं. उन्हाळ्यात ते पुरुषभर वाढलं. आता पहिलं दंव पडलं आणि एका रात्रीत सगळी पानं काळी पडून लोंबली. जावई म्हणतात उपटून टाकू. लेकीचं बालपण मुदखेडला आजोळच्या केळीत गेलेलं, तिचा जीव तुटतो आहे. ही केळ वाचेल का? मी मार्चमध्ये तिच्याकडे जाणार आहे, तर इकडचा एखादा मुनवा, म्हणजे केळीचं पिलू, सोबत नेऊ का?
— वाचक भगिनी, अंबाजोगाई

उत्तर : ताई, हा अंक हातात पडेल त्याच दिवशी लेकीला फोन करा आणि सांगा, केळ उपटायची नाही. पानं गेली म्हणजे केळ गेली नाही.

ज्याला आपण केळीचं खोड म्हणतो ते खोड नसतंच. एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांची ती सुरळी आहे. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि नवीन पान जिथून जन्मतं तो कोंब त्या कंदाच्या डोक्यावर, मातीच्या पातळीजवळ बसलेला असतो. केळ फुलावर येईपर्यंत तो तिथेच राहतो. तुमच्या लेकीने आजोळी हे डोळ्यांनी पाहिलेलं असणार. बागेत मूळ झाडाशेजारची पिलं विळ्याने कापत जातात. संध्याकाळी कापलेलं पिलू सकाळी जाऊन बघा. कापलेल्या जागी बाहेरच्या सोपटांची, म्हणजे देठांच्या थरांची, वर्तुळं तशीच, कडेने तपकिरी पडलेली, आणि बरोबर मधोमध पांढरट-पोपटी सुरळी पेरभर वर सरकलेली दिसते. कंद जिवंत आहे तोवर ती सुरळी वर येतच राहते. म्हणून तर पिलं पुन्हा पुन्हा कापावी लागतात. शेतात ज्याचा आपल्याला त्रास होतो, त्याच गुणावर लीड्सची केळ जगणार आहे.

ही जपानी म्हणून विकली जाणारी केळ मूळची दक्षिण चीनमधली. जपानात ती कित्येक शतकं बागांत लावतात. थंडी सोसण्यात केळीच्या कुळात ती पुढची. पानं शून्याच्या आसपास काळी पडतात, बुंधा थोडंफार दंव सोसतो, आणि कंदावर जाड आच्छादन असेल तर हवेतलं तापमान उणे १० अंशांपर्यंत उतरलं तरी कंद जीव धरून राहतो. आपली खाण्याची ग्रँड नैन केळ तिथे उघड्यावर एक हिवाळा काढणार नाही, हे आत्ताच सांगते, कारण मुनव्याचा प्रश्न त्यात अर्धा सुटतो.

आता काम. काळी पडलेली पानं देठासकट कापून टाकायची. कापताना जुने कपडे घालायला सांगा, केळीच्या चिकाचा डाग धुऊन जात नाही हे लेक विसरली नसेल, पण जावयांना माहीत नसेल. पहिल्या वर्षीचं रोप आहे, तेव्हा बुंधाही गुडघ्याएवढा ठेवून वरचा कापावा. मग झाडाभोवती, बुंध्यापासून हातभर अंतर सोडून, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी गोल उभी करायची आणि आत कोरडं काड भरायचं. आपल्याकडे असतं तर मी उसाचं पाचट नाही तर सोयाबीनची गुळी सांगितली असती. तिथे गव्हाचं काड गठ्ठ्यांत विकत मिळतं, झाडांची वाळलेली पानंही चालतात. दाबून गच्च भरू नये. काडात हवा राहिली तरच ऊब राहते. बुंध्याच्या वर वीतभर काड चढलं की वरून झाकण हवं. जुनी फरशी, पत्र्याचा तुकडा, उलटं घमेलं, काहीही. पावसाचं पाणी आत गेलं नाही म्हणजे झालं.

झाकणाचं मी जोर देऊन सांगते आहे, कारण तिकडच्या केळी थंडीने मरतात त्याहून जास्त ओलीने मरतात. इंग्लंडचा हिवाळा आपल्यासारखा कोरडा नसतो. रिपरिप चालूच असते, आणि डिसेंबरात लीड्सला दिवस आठ तासांचाही भरत नाही, त्यामुळे भिजलेलं वाळायला वाव नाही. कापलेल्या बुंध्याच्या सोपटांमध्ये पाणी साचतं, रात्री गोठतं, पेशी फोडतं, आणि तिथून कूज आत उतरत जाते. ती कोंबापर्यंत पोचली की मग उपाय नाही. याच कारणाने प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायची चूक कुणी करू नये. आतल्या आत घाम धरतो आणि झाड कुजतं. वर झाकण, बाजूने मोकळं, हा नियम.

काढायचं कधी? इथेच लोक घाई करतात. मार्चमध्ये तुम्ही पोचाल तेव्हा एखाद दिवशी छान ऊन पडेल आणि तुम्हालाही वाटेल की आता उघडावं. उघडू नका. तिकडे मे महिन्यातही दंव पडू शकतं. एप्रिलच्या शेवटी वरचं थोडं काड कमी करायचं, आणि मेच्या मध्यानंतर सगळं. उघडल्यावर वरचा भाग लिबलिबीत, काळपट दिसेल, वासही येईल. घाबरायचं नाही. धारदार सुरीने वरून एकेक चकती काढत खाली यायचं. पांढरा, कडक, कापल्यावर पाणी सुटणारा गाभा लागला की थांबायचं. तिथून आठ-पंधरा दिवसांत पोंगा, म्हणजे नव्या पानाची सुरळी, दिसेल. अगदी जमिनीपर्यंत काहीच लागलं नाही, तरी जून संपेपर्यंत कंद उकरू नये. बाजूने पिलं फुटतात, पुष्कळदा एकाच्या जागी तीन.

जागा बदलायची झाली तर मेमध्येच. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत, वारा अडेल अशी, आणि पाणी साचणार नाही अशी. वाऱ्याने पानं फाटून झिरमिळ्या झाल्या तर तो रोग नाही, तेवढं चालायचंच. जूनपासून ऑगस्टपर्यंत खत-पाणी सढळ हाताने द्यावं, ऑगस्ट संपला की खत बंद. उशिरा दिलेल्या नत्राने वाढ कोवळी राहते आणि कोवळी वाढ दंवात पहिली जाते. दोन-तीन हिवाळ्यांनंतर बुंधे मांडीएवढे जाड झाले की मग ते न कापता पूर्ण उंचीला जाळी-काड करून राखता येतात. तशा राखलेल्या बुंध्याला पुढे केळफूल लागण्याची शक्यता असते. त्याची फळं मात्र खाण्याजोगी नसतात, ही केळ पानांसाठीच लावायची.

आणि मुनवा अजिबात नेऊ नका. प्रेमाने नेलेल्या मुनव्याबरोबर मातीतून मर रोग जातो, माव्याबरोबर पर्णगुच्छ रोगाचा, म्हणजे शेंड्याला पानांचा झुबका करणारा, विषाणू जातो, आणि हे वरून बघून ओळखू येत नाही. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय रोप नेणं तिथल्या कायद्यातही बसत नाही, विमानतळावर काढून घेतील. लेकीला आजोळची आठवण द्यायची असेल तर केळीच्या सोपटाचा वाळलेला दोरा वळायला शिकवा, तिच्याच केळीची सोपटं पुढच्या वर्षी कामी येतील.

प्रश्न : पुण्याहून आणलेली लाल पानांची केळ परभणीत गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये लावली आहे. पावसाळ्यात पानं माणसाच्या उंचीची झाली. थंडी सुरू झाल्यापासून कडा करपतात, नवीन पान निम्मं बाहेर येऊन अडकलं आहे. रोज पाणी देतो, दोनदा युरियाही दिला. अजून काय द्यावं? शिवाय वर्ष झालं तरी एकही पिलू नाही, असं का?
— वाचक, परभणी

उत्तर : दादा, आता काही देऊ नका. उलट जे देताय तेच थांबवा.

तुमची केळ आपल्या केळीची चुलत बहीण म्हणावी अशी, मूळची आफ्रिकेतली. इथिओपियात हिच्याच हिरव्या भावंडांवर लक्षावधी घरांची चूल चालते. फळं खात नाहीत. बुंधा आणि कंद किसून, खड्ड्यात पुरून आंबवतात आणि त्या पिठाची कोचो नावाची भाकर करतात. तिकडे ती साधारण १५०० ते ३००० मीटर उंचीवर वाढते, म्हणजे गार हवा तिला परकी नाही. परभणीच्या थंडीने ती मरणार नाही. पण रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरला की केळीची मुळं काम जवळपास थांबवतात. पोंगा जागच्या जागी अडकतो. थंडीत निसवणाऱ्या, म्हणजे घड बाहेर टाकणाऱ्या, बागेत घड बुंध्यातच अडकतो तो प्रकारही असाच. मुळं थांबलेली असताना रोज दिलेलं पाणी ड्रममध्ये साचून राहतं, युरियाही तसाच पडून राहतो, आणि मुळं जळायला लागतात. कडा करपतात त्या थंडीने थोड्या आणि याने जास्त.

माती बोटाची दोन पेरं खोल कोरडी लागली तरच पाणी द्या. सकाळी द्या, आणि जमलं तर बोअरचं ताजं पाणी द्या. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर गार होतं, जमिनीतलं पाणी थंडीत कोमट असतं. आपल्याकडे कडाक्याच्या थंडीत केळीला रात्री विहिरीचं पाणी देतात आणि बांधाला पाचट पेटवून धूर करतात, ते याच हिशोबाने. ड्रम स्लॅबवर टेकलेला असेल तर खाली चार विटा घाला. पश्चिमेचं ऊन खाणारी भिंत असेल तर तिच्याजवळ सरकवा, ती भिंत संध्याकाळनंतर बराच वेळ ऊब सोडते. करपलेल्या कडा कात्रीने काढल्या तरी चालेल, पण अख्खं पान हिरवं असेपर्यंत कापू नका. महाशिवरात्रीच्या सुमाराला पोंगा आपोआप सुटेल. त्यानंतर खत. युरियापेक्षा शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड बरी.

थंड देशातले बागवान हीच केळ कशी राखतात ते ऐकलंत तर तुमची पाण्याची काळजी जाईल. दंव पडायच्या आधी ते ती मुळासकट उपटतात, मधली एक-दोन पानं ठेवून बाकी कापतात, माती झटकतात आणि झाड काही दिवस उलटं टांगून ठेवतात, म्हणजे देठांत साचलेलं पाणी निथळून जातं. मग कागदात किंवा पोत्यात गुंडाळून गॅरेजमध्ये कोरडं ठेवतात, पाच-दहा अंशांत. मार्चपर्यंत जवळपास थेंबभरही पाणी नाही. मार्चमध्ये कुंडीत लावली की ती उठते. इतकी दमदार आहे ही.

तुम्ही काळजी करायचीच तर मे महिन्याची करा. परभणीचा ४२-४३ अंशांचा उन्हाळा तिला हिवाळ्यापेक्षा जड जातो. मार्च संपताना वर ५० टक्क्यांची शेडनेट बांधा. सावली त्याहून दाट झाली तर पानांचा लाल रंग उतरून हिरवट होतो.

पिलू येत नाही कारण या जातीला स्वतःहून पिलं फुटतच नाहीत. इथिओपियातले शेतकरी तिचा बुंधा जमिनीलगत कापतात, कंदाच्या मधला कोंब कोरून काढतात आणि कंद मातीत पुरतात. मधला कोंब गेला की कडेने झोपलेले डोळे जागे होतात आणि एका कंदातून डझनावारी रोपं निघतात. तुमच्याकडे एकच झाड आहे, त्यावर हा प्रयोग करू नका. पण यावरून एवढं ध्यानात घ्या की हिचा मधला कोंब कुजला तर मागे दुसरं काही उरत नाही. कॉलरपाशी, म्हणजे माती आणि बुंधा भेटतात तिथे, आठवड्यातून एकदा बोटाने दाबून बघत चला. मऊ लागलं किंवा आंबूस वास आला तर थांबू नका. ड्रममधून काढा, सडलेला भाग पांढरा गाभा लागेपर्यंत कापा, सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्या आणि कोरड्या, वाळूमिश्रित मातीत पुन्हा लावा.

प्रश्न : कोकणातल्या मित्राने रानकेळीच्या बिया दिल्या होत्या. वाटाण्याहून मोठ्या, काळ्या, टणक. त्यातलं एक रोप जगलं, दोन पावसाळे छान वाढलं. नोव्हेंबरात पानं पिवळी पडून एकेक करून खाली बसली आणि आता कुंडीत नुसता फुगलेला गड्डा उरला आहे. पाणी वाढवलं, फरक नाही. लातूरची हवा मानवली नाही का?
— वाचक, लातूर

उत्तर : काका, तुमचं झाड झोपलं आहे. त्याला झोपू द्या आणि पाणी आजपासून पूर्ण बंद करा.

रानकेळ, काही भागांत कवदर म्हणतात ती, आपल्या सह्याद्रीची आहे. पावसाळ्यात घाटातून जाताना काळ्या कातळाच्या कपारीत, जिथे माती अशी दिसतच नाही, तिथे रुंद हिरवी पानं उभी दिसतात ती हीच. पाऊस ओसरला की ती पानं टाकते, बुंध्याचा फुगीर भाग तेवढा कातळाला धरून राहतो, आणि सहा-सात महिने ती पाण्याविना काढते. मृगाचा पाऊस झाला की पुन्हा पोंगा. लातूरला पाऊस तिच्या गावापेक्षा कितीतरी कमी, पण कोरडा हिवाळा आणि तापलेला उन्हाळा तिच्या ओळखीचा आहे. तुमची हवा तिला मानवली नसती तर दोन वर्षांत गड्डा फुगलाच नसता.

लीड्सच्या केळीसाठी माणसांनी काड, जाळी, झाकण एवढा खटाटोप करायचा, तोच कोरडेपणा ही आपली आपण साधते. म्हणून शोभेच्या केळींत मला ही सगळ्यात जवळची, आणि आपल्या रोपवाटिकांतून ती इतकी कमी दिसते याचं वाईट वाटतं. बाहेरून आलेल्या झाडांना आपण मांडवाखाली ठेवतो आणि आपल्या कड्यावरची ही केळ कुणी मागत नाही.

कुंडी वळचणीला ठेवा, अवकाळी पाऊस लागणार नाही अशी. गड्डा अंगठ्याने दाबून कडक लागतो ना, मग बास. वरची वाळलेली सोपटं ओढून काढू नका, तीच त्याचं पांघरूण आहेत. मे अखेरीस वरची दोन बोटं माती बदलून शेणखत घाला, आणि कुंडी मृगाच्या पावसात उघड्यावर आणा. पोंगा सुटल्याशिवाय हाताने पाणी नको. कुंडी पसरट आणि जड घ्या, कारण वाढलेल्या पानांना वारा लागला की हलकी कुंडी आडवी होते.

फुलायला तिला बरीच वर्षं लागतात. एकदाच फुलते, मोठं लालसर-तपकिरी केळफूल लोंबतं, घड पिकतो आणि झाड संपतं. पिलं ठेवत नाही. त्या घडातल्या बियाच पुढची पिढी, तेव्हा त्या वाटून टाका. पेरण्याआधी दोन-तीन दिवस कोमट पाण्यात भिजवायच्या, पाणी रोज बदलायचं, आणि मग धीर धरायचा. काही महिन्याभरात उगवतात, काही पुढच्या पावसाळ्यात. कुणी कड्यावरचा गड्डाच उपटून आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. औषधासाठी बिया गोळा केल्या जातात, त्यात गड्डेही उपटले तर कड्यांवर काय उरेल?

प्रश्न : वसमतला आमची तीन एकर ग्रँड नैन आहे. बांधावर शोभेची गुलाबी केळ लावावी असं घरच्यांच्या मनात आहे. थंडीत टिकेल ना?
— शेतकरी वाचक, वसमत

उत्तर : थंडीत टिकेल. गुलाबी केळ आसाम-अरुणाचलकडची, फार तर डोक्याएवढी होते, वसमतच्या थंडीत पानं थोडी पिवळी पडतील आणि फेब्रुवारीत नवी पिलं वर येतील. वर्षभरात गुलाबी, मखमली फळं लागतात, पिकली की साल आपोआप उलगडते. आत बियाच बिया, खाण्यासारखं फार नाही.

पण बांधावर लावू नका. केळीवरचा मावा तुमची केळ आणि शोभेची केळ असा भेद करत नाही. एकीवर पर्णगुच्छ आला की तो दुसरीवर नेऊन सोडतो. काकडीवरून येणारा सीएमव्ही विषाणूही मावाच पसरवतो, आणि शोभेच्या झाडावर तुमची फवारणी कधी पोचत नाही. घराच्या अंगणात, बागेपासून लांब, ऊतीसंवर्धित रोप आणून लावा. ओळखीच्याकडून आणलेला मुनवा नको. वर्षातून दोनदा जादा पिलं काढून दोन-तीनच बुंधे ठेवा. एखाद्या पानाच्या देठावर गडद हिरव्या तुटक रेषा दिसल्या, किंवा शेंड्याला पानं अरुंद होऊन झुबका झाला, तर बघत बसू नका. आधी माव्यासाठी फवारा, मग कंदासकट उपटा आणि जाळा.